हिल्डेसहाइम : गुलाबाचे मूळ आणि कांस्याचे द्वार

जर्मनीचे नाव निघाले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर बर्लिन, कलोन, म्युनिक अशी मोठी शहरे उभी राहतात. त्या देशाच्या उत्तर भागात हिल्डेसहाइम नावाचे एक मध्यम आकाराचे शहर आहे. लोकसंख्या जेमतेम एक लाख. तेथे राजधानी नाही, बंदर नाही, जगाला दिपवणारा झगमगाट नाही. तरीही ख्रिस्ती कलेच्या आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासात या शहराला जे स्थान आहे, ते अनेक महानगरांच्याही वाट्याला आलेले नाही. या शहराने बाराशे वर्षांत काय उभारले, काय गमावले आणि गमावल्यावर त्याचा हिशेब कसा मांडला, हे वाचकांसमोर ठेवावे असे आम्हांला वाटते. त्या हिशेबातून आपल्यालाही घेण्यासारखे काही आहे.

भूमी आणि नदी

हॅनोव्हर शहराच्या आग्नेयेला सुमारे तीस किलोमीटरवर, इनरस्टे नदीच्या काठी हिल्डेसहाइम वसले आहे. उत्तर जर्मनीचे विस्तीर्ण सपाट मैदान येथे संपते आणि मध्य जर्मनीच्या टेकड्यांना सुरुवात होते. शहराच्या उत्तरेस काळ्याभोर, कसदार जमिनीचा पट्टा आहे. हिमयुगात वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीचे थर तेथे साचले आणि जर्मनीतील उत्तमांत उत्तम शेतजमीन तयार झाली. गहू आणि साखरेचे बीट ही तेथील मुख्य पिके. दक्षिणेस आणि नैर्ऋत्येस वनराजीने झाकलेल्या टेकड्या आहेत. धान्य मैदानातून आणि लाकूड टेकड्यांवरून, अशी निसर्गाने या गावाची दुहेरी सोय करून ठेवली होती.

इनरस्टे नदी उगम पावते ती हार्ट्झ पर्वतात. या पर्वताच्या पोटात चांदी, तांबे आणि शिसे होते. त्याच्या पायथ्याशी असलेल्या गोस्लार गावाजवळ दहाव्या शतकापासून चांदी निघू लागली आणि जर्मन सम्राटांचे वैभव तिच्यावर वाढले. गोस्लार हे हिल्डेसहाइमच्याच धर्मप्रांतात मोडत असे. म्हणजे एका बाजूस अन्नाची कोठारे, दुसऱ्या बाजूस धातूच्या खाणी, आणि मधून पूर्व-पश्चिम जाणारा जुना व्यापारी मार्ग. याच मार्गाने नदी ओलांडण्याच्या ठिकाणी वस्ती झाली. हिल्डेसहाइमच्या कारागिरांनी पुढे कांस्यामध्ये जे चमत्कार घडवले, त्यांची पार्श्वभूमी या भूगोलात आहे.

गुलाबाच्या झुडपाची कथा

शहराच्या स्थापनेविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. शार्लमेनचा पुत्र, धर्मशील म्हणून ओळखला जाणारा सम्राट लुई, या जंगलात शिकारीस आला होता. त्याच्या धर्मगुरूने मिस्साबलिदानासाठी पवित्र मरियेच्या अवशेषांची कुपी बरोबर आणली होती. ती त्याने एका रानगुलाबाच्या झुडपावर टांगली आणि परतताना तेथेच विसरला. मागे येऊन पाहतो तो कुपी फांदीवरून काही केल्या निघेना. हा ईश्वरी संकेत मानून सम्राटाने त्या जागी मरियेच्या नावे एक प्रार्थनामंदिर बांधले.

आख्यायिका ही आख्यायिकाच. तिला इतिहासाच्या तराजूत तोलण्याचे कारण नाही. इतिहास एवढे निश्चित सांगतो की इ. स. 815 मध्ये सम्राट लुईने येथे बिशपांचे पीठ स्थापन केले. शार्लमेनने तलवारीच्या बळावर सॅक्सन लोकांना नमविले होते आणि त्यांच्या गळी बाप्तिस्मा उतरविला होता. त्या जखमी प्रदेशात श्रद्धा रुजविण्याचे काम पुढच्या पिढ्यांतील बिशपांना करावे लागले. त्यांपैकी बिशप आल्टफ्रीड यांनी बांधलेल्या पहिल्या मोठ्या कॅथेड्रलचे अभिषेचन 872 मध्ये झाले. त्याच कॅथेड्रलच्या पूर्वेकडील अर्धगोल भिंतीवर आजही एक रानगुलाब चढलेला आहे. सुमारे दहा मीटर उंचीपर्यंत त्याच्या फांद्या पोचतात, आणि मे महिन्याच्या अखेरीस जेमतेम दोन आठवडे तो फिकट गुलाबी फुलांनी भरून जातो. लोक त्याला हजार वर्षांचा गुलाब म्हणतात. त्याच्या वयाचा हिशेब वनस्पतिशास्त्रज्ञांनी करावा. शहराने मात्र त्याला आपले बोधचिन्ह मानले आहे.

बिशप बेर्नवार्ड आणि त्यांचे द्वार

हिल्डेसहाइमचे खरे वैभव सुरू झाले ते बिशप बेर्नवार्ड यांच्या काळात. 993 ते 1022 अशी एकोणतीस वर्षे त्यांनी या धर्मप्रांताची धुरा वाहिली. सॅक्सन उमराव घराण्यात जन्मलेले बेर्नवार्ड बालसम्राट तिसरा ऑटो याचे गुरू होते. विद्वत्ता, राजकारण आणि कलाकौशल्य यांचा दुर्मिळ संगम त्यांच्या ठायी होता. 1001 साली ते रोमला गेले. तेथे त्यांनी सम्राट ट्राजनचा विजयस्तंभ पाहिला असणार. लढायांची शिल्पे गोल गोल फिरत वर चढत गेलेला तो प्रचंड स्तंभ. परतल्यावर त्यांनी एक कांस्यस्तंभ ओतवून घेतला. सुमारे पावणेचार मीटर उंचीच्या या स्तंभावरही शिल्पांचा पट्टा तसाच वर चढत जातो. परंतु त्यावर सम्राटाच्या लढाया नाहीत. यार्देन नदीतील बाप्तिस्म्यापासून यरुशलेमच्या प्रवेशापर्यंतचे प्रभू येशूचे जीवनकार्य त्यावर कोरलेले आहे. रोमन विजयस्तंभाचा साचा तोच, विजेता मात्र गाढवावर बसून येणारा. यापेक्षा अधिक बोलके प्रवचन कोणते असेल?

याहूनही मोठे कार्य म्हणजे कॅथेड्रलचे कांस्यद्वार. त्यावरील लेखात 1015 हे साल आहे. दोन झडपा, प्रत्येकीची उंची साडेचार मीटरहून अधिक, आणि प्रत्येक झडप एकसंध ओतलेली. रोमन साम्राज्याच्या पतनानंतर पश्चिम युरोपात कथाशिल्पांनी भरलेले एवढे मोठे द्वार कोणी ओतले नव्हते. प्रत्येक झडपेवर आठ, असे एकूण सोळा प्रसंग आहेत. डाव्या झडपेवर जुना करार. तो वरून खाली वाचावयाचा. सुरुवात मानवाच्या निर्मितीपासून आणि शेवट काईनाने हाबेलाचा वध केला तेथे. उजव्या झडपेवर नवा करार. तो खालून वर वाचावयाचा. सुरुवात मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशापासून आणि शेवट पुनरुत्थित प्रभू व मग्दालिया मरिया यांच्या भेटीत. माणूस उतरत गेला आणि देवाने त्याला पुन्हा चढवत नेले, हा तारणाचा सगळा इतिहास एका दारात मावला आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनाही तो वाचता येत होता.

या सोळा प्रसंगांपैकी एक आम्ही मुद्दाम वाचकांच्या ध्यानात ठेवू इच्छितो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. निषिद्ध फळ खाल्ल्यानंतर देव आदामाला जाब विचारतो. देवाचे बोट आदामाकडे रोखलेले आहे. वाकलेला, अंग झाकू पाहणारा आदाम एवेकडे बोट करतो. एवा त्याहून खाली वाकून पायाशी असलेल्या सर्पाकडे बोट करते. एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत दोष पुढे सरकत जातो. आपला म्हणून तो कोणीच स्वीकारत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारागिराला माणसाचा स्वभाव पुरता उमगला होता.

बेर्नवार्ड यांनी शहराच्या उत्तरेकडील उंचवट्यावर संत मायकलच्या नावे मठमंदिर बांधण्यास घेतले. 1022 च्या सप्टेंबरात त्याचे अभिषेचन झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बिशप निवर्तले. त्यांचे दफन त्याच मंदिराच्या तळघरात झाले. उरलेले बांधकाम त्यांचे उत्तराधिकारी बिशप गोडेहार्ड यांनी 1033 मध्ये पुरे केले. दोघांनाही पुढे ख्रिस्तसभेने संतपद दिले. आल्प्स पर्वतातील गोटहार्ड घाट प्रसिद्ध आहे. त्याला नाव मिळाले ते हिल्डेसहाइमच्या याच संत गोडेहार्ड यांचे.

एका छपराखाली दोन उपासना

मध्ययुगात हिल्डेसहाइम व्यापाराने समृद्ध झाले. 1249 मध्ये शहराचे कायदे लिखित स्वरूपात आले. पुढे ते हान्सा या उत्तर युरोपातील व्यापारी शहरांच्या संघात सामील झाले. लाकडी चौकटींची, कोरीव तुळयांची घरे गल्लोगल्ली उभी राहिली. 1529 मध्ये खाटकांच्या व्यवसायसंघाने बाजारचौकात आपले सभागृह बांधले. अनेक मजले, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा किंचित पुढे आलेला, आणि वर उंच निमुळते छप्पर. जगातील सर्वांत सुंदर लाकडी घर अशी त्याची ख्याती पसरली आणि शहराला लोक उत्तरेचे न्यूरेंबर्ग म्हणू लागले.

मात्र बिशप आणि नागरिक यांचे संबंध नेहमीच गोडीगुलाबीचे नव्हते. येथील बिशप केवळ मेंढपाळ नव्हते, ते राज्यकर्तेही होते. 1519 ते 1523 या काळात शेजारच्या सरदारांशी झालेल्या युद्धात त्यांनी आपल्या राज्याचा बहुतांश भाग गमावला. पुढे 1542 मध्ये शहराने ल्यूथरची शिकवण स्वीकारली. संत मायकल मंदिर प्रॉटेस्टंटांकडे गेले. कॅथेड्रल आणि काही मठ कॅथोलिकांकडे राहिले. भोवतालचा सारा प्रदेश प्रॉटेस्टंट होत असताना हे पीठ एखाद्या बेटासारखे टिकून राहिले. 1803 मध्ये बिशपांची ऐहिक सत्ताही संपली आणि शहर आधी प्रशिया, मग हॅनोव्हर आणि 1866 पासून पुन्हा प्रशिया अशा राजवटींखाली आले. धर्मप्रांत मात्र टिकला. सत्ता गेली आणि सेवा उरली, असेच म्हणावे लागेल.

संत मायकल मंदिराची एक गोष्ट आम्हांला विशेष भावते. वरचे मंदिर प्रॉटेस्टंटांचे झाले, परंतु संत बेर्नवार्ड यांची समाधी असलेले तळघर कॅथोलिकांकडेच राहिले. आजही वर ल्यूथरपंथीयांची उपासना होते आणि खाली कॅथोलिक भाविक समाधीपाशी प्रार्थना करतात. जी वाटणी एके काळी भांडणातून झाली, ती आज शेजारधर्माची खूण बनली आहे. ख्रिस्ती ऐक्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. तेथे ते एका जिन्याच्या अंतरावर आले आहे.

22 मार्च 1945

आता आम्हांला या इतिहासातील सर्वांत दुःखद पानाकडे वळावे लागते. दुसरे महायुद्ध संपत आले होते. 22 मार्च 1945 रोजी दुपारी ब्रिटिश आणि कॅनेडियन विमानांनी हिल्डेसहाइमवर बॉम्ब आणि अग्निबॉम्ब टाकले. लाकडी घरांचे ते शहर गवताच्या गंजीसारखे पेटले. शेकडो माणसे प्राणांस मुकली. बाजारचौक, खाटकांचे सभागृह, संत मायकलचे मंदिर, कॅथेड्रल, चार-पाच शतकांची घरे थोड्याच वेळात ढिगाऱ्यात मिळाली. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांतच अमेरिकन सैन्य शहरात आले. जे शहर शतकानुशतके उभे होते, ते युद्ध संपण्याच्या अगदी उंबरठ्यावर गेले.

तरीही काही गोष्टी वाचल्या, आणि त्या दैवयोगाने वाचल्या नाहीत. बेर्नवार्डचे कांस्यद्वार आणि स्तंभ आधीच काढून सुरक्षित ठेवण्यात आले होते. संत मायकल मंदिराच्या छताला तेराव्या शतकातील एक अपूर्व चित्र आहे. झोपलेल्या इशायच्या देहातून उगवलेला वंशवृक्ष, त्यावर दाविद आणि इतर राजे, मग मरिया आणि शेवटी ख्रिस्त. ओकच्या सुमारे तेराशे फळ्यांवर रंगविलेले हे छत 1943 मध्ये एकेक फळी सोडवून उतरविण्यात आले होते. ज्यांनी हे काम केले, त्यांना संकटाची चाहूल वेळीच लागली आणि त्यांनी हातपाय हलवले.

गुलाब मात्र कोणाला हलविता आला नाही. कॅथेड्रलची भिंत कोसळली आणि झुडूप जळून कोळसा झाले. परंतु त्याच वर्षी, राखेच्या आणि दगडमातीच्या ढिगाऱ्यातून नवे कोंब फुटले. मूळ जमिनीखाली होते. तेथवर आग पोचली नव्हती. बेघर झालेल्या नागरिकांना त्या कोंबांनी किती धीर दिला असेल, याची कल्पनाच करावी. येथपर्यंतची कथा जगभर सांगितली जाते, आणि ती खरी आहे.

पण येथेच थांबलो तर आपण अर्धाच इतिहास सांगितला असे होईल.

आधी जळलेले मंदिर

हिल्डेसहाइममध्ये लापेनबर्ग नावाच्या भागात 1849 मध्ये बांधलेले ज्यूंचे सभास्थान होते. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री, जर्मनीतील इतर शेकडो सभास्थानांबरोबर तेही पेटविण्यात आले. ती आग शत्रूच्या विमानांनी लावलेली नव्हती. शहर उभे होते, त्याचे अग्निशामक दल होते, त्याच्या घंटा होत्या, त्याचे भाविक होते. शेजाऱ्याचे प्रार्थनास्थळ जळत राहिले. 1942 पासून शहरातील उरलेल्या ज्यूंना पूर्वेकडे नेण्यात आले आणि त्यांपैकी फारच थोडे जिवंत राहिले. आणि 1945 च्या मार्चमध्ये, शहर जळून गेल्यानंतरच्या दिवसांत, सक्तीने मजुरीला आणलेल्या परदेशी माणसांवर लुटालुटीचा आरोप ठेवून त्यांना भर बाजारचौकात फासावर लटकविण्यात आले.

बाजारचौक तोच. खाटकांच्या सुंदर सभागृहाची राख अजून निवली नसेल.

कांस्यद्वारावरील तो प्रसंग येथे आठवल्यावाचून राहवत नाही. युद्धानंतर कित्येक वर्षे हिल्डेसहाइम 22 मार्चची आठवण काढीत असे, शोक करीत असे, आणि तो शोक खराच होता. बोट दाखविण्यासाठीही पुष्कळ जण होते. विमानांतून आलेले शत्रू, बर्लिनमधील हुकूमशहा, त्याचे हस्तक. यांतील एकही बोट चुकीचे नव्हते. तरी बोटांची साखळी दुसऱ्याकडेच वळते, स्वतःकडे वळत नाही, हेच त्या द्वारावरील शिल्प सांगत आले होते. लापेनबर्ग येथे सभास्थानाच्या जागी स्मारक उभे राहिले ते 1988 मध्ये, म्हणजे त्या रात्रीला पन्नास वर्षे झाल्यावर.

हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पन्नास वर्षे लागली, पण शहराने ते स्मारक उभारले, ही गोष्ट लहान नाही. ज्या ऑस्कर शिंडलर यांनी हजाराहून अधिक ज्यूंचे प्राण वाचविले, त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे याच हिल्डेसहाइममध्ये काढली. 9 ऑक्टोबर 1974 रोजी त्यांचे येथेच निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांना यरुशलेममधील कॅथोलिक दफनभूमीत चिरविश्रांती मिळाली.

पुन्हा उभारणी

युद्धानंतर कॅथेड्रलची पुनर्बांधणी 1950 ते 1960 या दशकात झाली. संत मायकलचे मंदिर पुन्हा उभे राहिले आणि इशायचा वंशवृक्ष आपल्या जागी परतला. 1985 मध्ये युनेस्कोने या दोन्ही मंदिरांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. कॅथेड्रलचे दुसऱ्यांदा मोठे नूतनीकरण होऊन 2014 च्या ऑगस्टमध्ये, धर्मप्रांताच्या बाराशेव्या वर्षाच्या तोंडावर, ते भाविकांना खुले झाले.

बाजारचौकाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. खाटकांच्या सभागृहाच्या जागी 1960 च्या दशकात काँक्रीटचे आधुनिक हॉटेल उभे राहिले. जुने गेले ते गेले, नव्या काळाने नवे बांधावे, असे एका पक्षाचे म्हणणे. शहराचा चेहरा हरवला आहे, असे दुसऱ्या पक्षाचे. अखेर ते हॉटेल पाडण्यात आले आणि 1987 ते 1989 या काळात जुन्या सभागृहाची हुबेहूब प्रतिकृती, ओकच्या तुळया आणि लाकडी खुंट्या वापरून जुन्याच पद्धतीने उभारण्यात आली. ही खरी की नक्कल, असा वाद तज्ज्ञ आजही घालतात. आम्हांला वाटते, त्या नव्या तुळया जोडताना सुतारांच्या हातांनी जुनी विद्या पुन्हा शिकून घेतली, एवढ्यापुरती तरी ती नक्कल नाही.

या सगळ्यांत माणसांचीही एक नवी बांधणी झाली. युद्धानंतर सायलेशिया आणि पूर्वेकडील इतर प्रांतांतून हुसकावून लावलेले लक्षावधी जर्मन निर्वासित पश्चिमेकडे आले. त्यांत कॅथोलिकांची संख्या मोठी होती. शतकानुशतके प्रॉटेस्टंट असलेल्या गावांतून एकाएकी कॅथोलिक कुटुंबे राहू लागली. हिल्डेसहाइम धर्मप्रांताला त्यांच्यासाठी नवी चर्चेस बांधावी लागली आणि तोवर अनेक ठिकाणी प्रॉटेस्टंट बांधवांनी आपली मंदिरे कॅथोलिकांच्या मिस्सासाठी उघडून दिली. ज्यांचे सर्वस्व गेले होते, त्यांनीच एका जुन्या धर्मप्रांताला नवे रक्त दिले.

समारोप

हिल्डेसहाइमचा हा इतिहास वाचताना दोन खुणा मनात राहतात, गुलाब आणि द्वार. गुलाब आपल्याला दिलासा देतो. वरचे सारे जळाले तरी मूळ शाबूत असेल तर समाज पुन्हा अंकुरतो, हे तो सांगतो. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती समाजाला हा दिलासा हवाहवासा वाटणारच. पण द्वार आपल्याला प्रश्न विचारते. संकट कोसळल्यावर तुझे बोट कोणाकडे वळले? त्याआधी शेजाऱ्याचे घर जळत होते, तेव्हा तू कोठे होतास?

आपण आपल्या धर्मग्रामांचे इतिहास लिहितो, शताब्दी साजऱ्या करतो, स्मरणिका काढतो. त्यांत आपल्यावर झालेल्या अन्यायांची नोंद असते, आणि ती असावीच. त्यांत आपल्या हातून झालेल्या अन्यायांना, आपण गप्प बसलो त्या प्रसंगांना, किती पाने मिळतात, हे ज्याचे त्याने पाहावे. हिल्डेसहाइमच्या द्वाराची डावी झडप उजवीइतकीच उंच आहे. बिशप बेर्नवार्ड यांनी पतनाचे आठ प्रसंग वगळून केवळ तारणाचे आठ ओतवले असते, तर ते द्वार अर्धेच राहिले असते, आणि अर्धे द्वार कोणाला आत घेऊ शकत नाही.